पाठांतर: अंकांचे आणि आयतींचे

गेल्या रमजानमध्ये अमरावतीहून अकोल्याला बहिणीकडे इफ्तारसाठी जाणे झाले. तिला दोन मुले. थोरला दहावीनंतर मदरशात हिफ्ज करतो. त्याचे बावीस पारे पूर्ण झाले आहेत. धाकटा मराठी शाळेत नववीत शिकतो. महिना आधी आणि तारीख नंतर लिहिण्याच्या अमेरिकन रीतीप्रमाणे १४ मार्च म्हणजे ३-१४ होते, म्हणून हा दिवस ‘पाय दिन’ मानला जातो. युनेस्कोने २०१९ साली तोच आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. त्या निमित्ताने धाकट्याच्या शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. इफ्तारनंतर त्याने एक छापील कागद माझ्या हाती दिला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘मामू, कागदावर बोट ठेवा. चुकलो तर थांबवा.’’ मग तीन पूर्णांक, दशांश चिन्ह, एक, चार, एक, पाच, नऊ असे करत त्याने पाचशे अंक म्हणून दाखवले. त्याला थांबवण्याची वेळ आली नाही. खरे सांगायचे तर मध्ये एकदा माझेच बोट ओळ चुकले होते.

मेहुण्यांना हे फारसे रुचले नाही. एवढी मेहनत सूरह यासीनला दिली असती तर आखिरतीची कमाई झाली असती, असे ते म्हणाले. त्यावर मुलगा पटकन बोलून गेला, ‘‘अब्बू, मी जे पाठ केले ते काय आहे हे मला कळते. भाईजान जे पाठ करतात त्याचा अर्थ त्यांना कुठे ठाऊक आहे?’’

दस्तरखानावर शांतता पसरली. थोरल्याने मान खाली घातली. मेहुण्यांनी धाकट्याला दटावले. मी मात्र काहीच बोललो नाही, कारण त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते. इशाची अजान झाली आणि आम्ही तरावीहसाठी उठलो.

वाचकहो, चौदा वर्षांच्या मुलाचा तो उद्धटपणा होता असे म्हणून विषय मिटवता आला असता. परंतु प्रश्न उद्धट असला म्हणून खोटा ठरत नाही. आपल्या वऱ्हाडात, अचलपूरपासून बाळापूरपर्यंत, किती घरांतून मुले हिफ्जला बसतात! त्या प्रत्येक घराला हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारणारच आहे. घरातल्याच मुलाने विचारला, हे एका परीने बरेच झाले.

प्रथम त्याच्या अंकांकडे पाहू. वर्तुळ लहान असो वा मोठे, त्याच्या परिघाला व्यासाने भागले की एकच संख्या येते. तिलाच ग्रीक अक्षरावरून ‘पाय’ म्हणतात. शाळेत आपण तिची किंमत बावीस सप्तमांश घेतली. ती किंमत नेमकी नाही, केवळ जवळची आहे. खरी किंमत कोणत्याच अपूर्णांकात मावत नाही, हे लॅम्बर्ट या गणितज्ञाने अठराव्या शतकात सिद्ध केले. तिचे दशांश अंक संपत नाहीत आणि ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतही नाहीत. आता व्यवहारात यातले किती अंक लागतात? बैलगाडीच्या चाकाचा व्यास दीड मीटर धरला, तर बावीस सप्तमांशाने काढलेल्या आणि खऱ्या परिघात सुमारे दोन मिलिमीटरचा फरक पडतो. आपल्याकडच्या लोहारांना तोही हिशेब करावा लागला नाही. ते दोरीने चाकाचे माप घेत, धाव किंचित अपुरी ठेवीत, ती तापवून चाकावर चढवीत आणि पाणी ओतून आवळीत. अमेरिकेची अंतराळ संस्था नासा ग्रहांकडे याने पाठवताना पायचे पंधरा दशांश अंक वापरते. दृश्य विश्वाएवढ्या वर्तुळाचा परीघ एका अणूइतक्या अचूकतेने काढायचा म्हटले, तरी चाळीसेक अंक पुरतात.

म्हणजे माझ्या भाच्याने पाठ केलेल्या पाचशे अंकांपैकी सुमारे चारशे साठ अंकांचा या विश्वात मोजमापाला काही उपयोग नाही. त्याच्याही पुढे गेलेले लोक आहेत. मंगळूर येथे राजन महादेवन यांनी १९८१ साली ३१,८११ अंक म्हटले. चीनच्या लू चाओ यांनी २००५ साली चोवीस तासांहून थोड्या अधिक वेळात ६७,८९० अंक म्हटले आणि पुढच्याच अंकावर ते चुकले. वेल्लोर येथे २१ मार्च २०१५ रोजी राजवीर मीणा यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून, सुमारे दहा तासांत, ७०,००० अंक सांगितले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

ही सत्तर हजारांची संख्या वाचताना हिफ्जची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दिव्य कुरआनात ११४ सूरह आणि सुमारे सत्त्याहत्तर हजार शब्द आहेत. ज्या पराक्रमासाठी एका माणसाचे नाव जगाच्या विक्रमांत लिहिले गेले, त्याच तोडीचा भार आपल्या मोहल्ल्यातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा वाहत असतो आणि रोज सकाळी सबक, सबक-पारा व आमुख्ता ऐकवून सायकलवर घरी जातो. सूरह कमरमध्ये अल्लाहने हा ग्रंथ स्मरणासाठी सुलभ केल्याचे चार वेळा सांगितले आहे. हाफिज मुले पाहिली की त्या आयतीची प्रचीती येते.

पण एवढ्यावर समाधान मानून आपण मुलाच्या प्रश्नाला बगल देऊ नये. तो किती अंक, किती शब्द हे विचारत नव्हता. तो अर्थाविषयी विचारत होता.

त्या रात्री तरावीहमध्ये एक छोटीशी गोष्ट घडली. इमामसाहेब एका आयतीवर अडखळले. तिच्यासारखीच दुसरी आयत दुसऱ्या सूरहमध्ये आहे आणि त्यांची जीभ तिकडे वळली. मागच्या सफमधून तत्काळ लुकमा आला, त्यांनी आयत दुरुस्त केली आणि पुढे गेले. चूक दोन श्वासांपुरतीही टिकली नाही. मला विल्यम शँक्स या इंग्रज गृहस्थाची आठवण झाली. त्याने अनेक वर्षे हाताने आकडेमोड करून १८७३ साली पायचे ७०७ अंक प्रसिद्ध केले. ५२८व्या अंकावर त्याची चूक झाली होती आणि तिथून पुढचे सगळे अंक खोटे होते. सत्तर वर्षे ते कोणाच्या ध्यानात आले नाही. पॅरिसच्या एका विज्ञान संग्रहालयाच्या दालनात तर ते अंक कोरले गेले आणि नंतर दुरुस्त करावे लागले. चूक सापडली ती १९४०च्या दशकात, फर्ग्युसन नावाच्या गणितज्ञाने पुन्हा गणित केले तेव्हा. शँक्सचा अप्रामाणिकपणा यात कुठेही नव्हता. परंतु त्या ५२८व्या अंकावर कोणाचे काही अवलंबून नव्हते, त्यामुळे तो तपासण्याची कोणाला निकड वाटली नाही. याउलट तरावीहमधल्या एका जेर-जबरवर मागे उभ्या असलेल्या दोनशे माणसांची नमाज उभी असते.

कोणी म्हणेल की आज पायचे शंभर लाख कोटींहून अधिक अंक यंत्राने काढून ठेवले आहेत आणि कुरआनही प्रत्येक खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. मग दोन्ही पाठांतरे सारखीच अनावश्यक झाली नाहीत काय? यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले तेव्हा माननीय उमर (रजि.) चिंतित झाले आणि त्यांच्या आग्रहावरून माननीय अबू बक्र (रजि.) यांनी जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे ग्रंथ एकत्र लिहून घेण्याचे काम सोपविले. तेव्हापासून कुरआन केवळ छातीत नाही, कागदावरही आहे. असे असूनही हिफ्ज थांबले नाही. कारण नमाज कागदावरून होत नाही. पाच वेळच्या फर्ज नमाजांच्या सतरा रकाती मिळून दिवसातून किमान सतरा वेळा आपण सूरह फातिहा म्हणतो. दर्यापूरच्या शेतात कापूस वेचणारी निरक्षर आईसुद्धा या अर्थाने थोडीशी हाफिज असते. जे रोज उभे राहून म्हणायचे आहे ते हृदयातच असावे लागते.

आता अर्थाकडे येऊ. भाच्याचे म्हणणे मी पुष्कळ दिवस मनात घोळवले आणि ते निम्मे खरे आहे या निष्कर्षाला आलो. ‘पाय’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक आहे, यात शंका नाही. परंतु ३४७व्या स्थानी जो अंक आहे, तो तिथे का आहे हे त्याला सांगता येईल काय? त्या अंकाला स्वतःचा अर्थ नाही. त्याच्या जागी दुसरा अंक म्हटला तर तो चुकीचा ठरेल, पण ऐकणाऱ्याच्या मनाला खटकणार नाही. पायचा सगळा अर्थ पहिल्या वाक्यातच, परीघ आणि व्यास एवढ्यातच, सांगून संपतो. नंतर पाचशे म्हणा की सत्तर हजार म्हणा, समजण्यासारखे काही वाढत नाही. विक्रम करणारे लोक म्हणूनच त्या अंकांना उसना अर्थ देतात. जपानचे अकिरा हारागुची अंकांची अक्षरे करून त्यांच्या गोष्टी रचतात. कोणी अंकांना घरातल्या खोल्यांत, रस्त्यावरच्या वळणांत बसवतो. मुक्या अंकांना वाचा दिल्याखेरीज माणसाला ते धरून ठेवता येत नाहीत.

थोरल्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याच्या छातीतला प्रत्येक शब्द बोलका आहे. ऐकणारा अजून जागा व्हायचा आहे. त्याच्यापाशी कुलूपबंद पेटी आहे आणि ती भरलेली आहे. आज ना उद्या किल्ली मिळाली की बावीस पारे एकाच वेळी उजळतील. ज्याने पाठ केले नाही त्याला ते भाग्य लाभणार नाही. अर्थ न कळता केलेली तिलावतही वाया जात नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येक अक्षरामागे दहा पुण्यांची शुभवार्ता दिली आणि अलिफ, लाम, मीम ही तीन स्वतंत्र अक्षरे मोजली, हे तिर्मिजीच्या हदीसमधून आपण जाणतो.

मात्र या शुभवार्तेच्या आडोशाला लपून किल्ली शोधायचीच नाही, असे आपण ठरवून टाकले आहे काय? इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये नोंद आहे की अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सूरह बकरह शिकण्यास आठ वर्षे लावली. त्यांची भाषा अरबी होती! शब्द पाठ करायला त्यांना आठ महिनेही लागले नसते. ती आठ वर्षे कशात गेली असतील याचा विचार करावा. सहाबींची रीत दहा आयती शिकायच्या, त्यांतले ज्ञान व आचरण आत्मसात करायचे आणि मगच पुढच्या दहांकडे जायचे, अशी होती. सूरह जुमुआमध्ये तर ज्यांच्यावर ग्रंथाची जबाबदारी टाकली गेली आणि ज्यांनी ती निभावली नाही, त्यांना पुस्तके वाहणाऱ्या गाढवाची उपमा दिली आहे. ती आयत यहुदींविषयी आहे असे म्हणून आपण सहज पुढे जातो. पाठीवरचे ओझे कोणत्या भाषेतले आहे, याने गाढवाला काय फरक पडतो?

इथे अंकांचे आणि आयतींचे पाठांतर खऱ्या अर्थाने वेगळे होते. पायचे अंक पाठ करणाऱ्याकडे काही मागत नाहीत. सत्तर हजार अंक म्हणणारा माणूस सत्यवचनी असो वा लबाड, अंकांना त्याचे सोयरसुतक नसते. आयतींचे तसे नाही. अकोल्याच्या कापूस बाजारात एखादा व्यापारी तरावीहला उभा राहून सूरह मुतफ्फिफीन ऐकतो, स्वतः हाफिज असेल तर ऐकवतोही. घेताना माप भरून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांच्या विनाशाची वार्ता त्याच्याच ओठांतून बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी काट्यावर शेतकऱ्याची गाडी उभी राहते. मापात पाप करू नये हे वऱ्हाडातल्या कोणालाही शिकवावे लागत नाही. मराठी भाषेतच ते रुजले आहे. पण ज्याने ती सूरह पाठ केली आहे त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला त्याची स्वतःची जीभ उभी असेल. अंक पाठ करणाऱ्याला एवढी भीती बाळगण्याचे कारण नाही. म्हणून हिफ्ज हा मोठा सन्मान आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते मोठे जोखीमही आहे, हे मुलाला फेटा बांधताना सांगायला हवे.

फेट्यावरून एक कडू गोष्ट लिहितो. दस्तारबंदीच्या काही जलशांत मी बसलो आहे. अमुक मुलाने इतक्या महिन्यांत हिफ्ज पूर्ण केले, तमुक याने त्याहून कमी महिन्यांत, अशी घोषणा होते. टाळ्या, हार, चित्रफिती. त्या क्षणी ईशग्रंथाचा हाफिज आणि विक्रमवीर यांत काय अंतर उरते? सहीह मुस्लिमच्या हदीसप्रमाणे अंतिम निवाड्याच्या दिवशी ज्यांचा निकाल प्रथम लागेल त्यांत एक असा कुरआन-पठण करणारा असेल, ज्याने लोकांनी ‘कारी’ म्हणावे म्हणून पठण केले. आणि लोकांनी ते म्हटलेलेही असेल. विक्रमाच्या पुस्तकात नाव यावे म्हणून अंक पाठ करणाऱ्याने निदान ग्रंथाचा वापर कीर्तीसाठी केलेला नाही.

मग अंक पाठ करणे निषिद्ध आहे काय? मला तसे वाटत नाही. लाभ न देणाऱ्या ज्ञानापासून प्रेषितांनी (स.) अल्लाहचा आश्रय मागितला आहे, हे खरे. आयुष्य कशात घालवले याचा जाब द्यावा लागेल, हेही खरे. पण माझ्या भाच्याने दिवसाकाठी वीसेक मिनिटे दिली आणि त्यातून त्याचे चित्त एकाग्र झाले. तीच वीस मिनिटे मोबाईलवर सरकणाऱ्या चित्रांना दिली असती तर मेहुण्यांनी हटकलेही नसते. माझे आजोबा सहीपुरते शिकलेले होते. पावकी, निमकी, दीडकी, औटकी त्यांच्या जिभेवर असे आणि अडत्याच्या हिशेबातली चूक ते उभ्या उभ्या काढीत. ते पाठांतर आम्ही गमावले आणि हिशेबात दुसऱ्यांवर विसंबू लागलो. स्मरणशक्ती ही अमानत आहे. न वापरता परत करण्यासाठी ती दिलेली नाही.

शिवाय ‘पाय’ ही संख्या आपल्याला परकी नाही. जमशेद अल-काशी यांनी समरकंद येथे १४२४ साली ‘रिसाला मुहीतिया’ हा ग्रंथ लिहिला. वर्तुळात ऐंशी कोटींहून अधिक बाजूंची बहुभुजाकृती कल्पून त्यांनी सोळा दशांश स्थळांपर्यंत अचूक किंमत काढली आणि सुमारे पावणेदोनशे वर्षे त्यापुढे कोणी गेले नाही. त्यांचा हेतू लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या काळच्या कल्पनेतील विश्वाचा परीघ काढला तर चूक एका केसाच्या जाडीहूनही कमी राहावी, एवढी अचूकता त्यांना हवी होती. ती मिळाल्यावर ते थांबले. किती पुरे हे त्यांना ठाऊक होते. सूरह यूनुसमध्ये चंद्राच्या मंजिली वर्षांची गणना आणि हिशेब कळावा म्हणून ठरविल्याचे सांगितले आहे. त्या हिशेबाचे ते वारसदार होते. इब्ने सीना यांनी दहाव्या वर्षी कुरआन पाठ केल्याचे त्यांच्या आत्मकथनात आहे आणि नंतर ते वैद्यकाकडे व गणिताकडे वळले. हिफ्ज करणाऱ्या मुलाची शाळा कायमची सुटलीच पाहिजे, हा नियम कोणी घातला? आमच्या घरातही थोरला मदरशाचा आणि धाकटा शाळेचा, अशी वाटणी आम्हीच करून ठेवली होती. त्या संध्याकाळी दस्तरखानावर जे घडले त्याचे मूळ या वाटणीत होते असे मला वाटते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अकोल्याला गेलो आणि माझे उत्तर, आता तुम्हाला सांगितले तसे, दोघांसमोर ठेवले. धाकट्याला सांगितले की तुझा प्रश्न योग्य होता, पण तो भावाला टोचण्यासाठी वापरलास हे योग्य नव्हते; त्याची माफी माग. त्याने मागितली. थोरल्याला मराठी भाषांतरासह एक कुरआन दिला. तो म्हणाला, ‘‘मामू, सगळे आमुख्ता आटोपून रात्री वाचायला डोळे उघडे राहत नाहीत.’’ त्याचे म्हणणे मला नाकारता येईना.

मार्ग धाकट्यानेच काढला. हल्ली इशानंतर थोरला एक पान तोंडपाठ म्हणतो आणि धाकटा त्याच पानाचे मराठी भाषांतर मोठ्याने वाचतो. परवा बहिणीचा फोन होता. सूरह मुतफ्फिफीनचे पान झाले, तेव्हा मेहुणे दुकानातून नुकतेच आले होते आणि दारातच उभे राहून ऐकत होते, असे ती म्हणाली. नंतर धाकट्याने आपले अंक म्हणायला घेतले. आता सहाशेपर्यंत मजल गेली आहे. चारशेच्या पुढे कुठेतरी तो अडखळला. थोरला कागद हातात धरून बसलेला होता. त्याने लुकमा दिला.